मित्सुए काकीची सावड

गेलं वर्षभर मित्सुए काकी माझ्या सुट्टीच्या मुळावरच उठली होती. शनिवार उजाडला की दारात हजर. डोक्याला फडकं, हातात टोफूचा डबा. "बाई, गाडी काढ. आज पलीकडच्या खोऱ्यात उत्सव आहे."

मी ओमोगीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. जपानात आले त्याला बरीच वर्षं झाली, आता हेच गाव माझं. डोंगरातलं गाव, निम्म्या घरांना कुलूप. काकीचं टोफूचं दुकान मात्र उघडं. नवरा गेला, अठ्ठ्याहत्तरी उलटली, कंबर वाकली, तरी जिभेची धार काही कमी झाली नाही.

सगळं सुरू झालं ते मागच्या उत्सवानंतरच्या बैठकीत. गावप्रमुख इवाकिरीने जाहीर केलं, की पुढच्या वर्षापासून देवाची पालखी छोट्या ट्रकवर ठेवून फिरवायची, कारण उचलायला माणसंच उरली नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकी तेवढी उठून उभी राहिली.

"देव काय गॅसचा सिलिंडर आहे, ट्रकने पोचवायला?"

"काकी, खांदे कुठून आणू? माझेच गुडघे गेलेत."

"गुडघे गेले ना? खांदा आहे की अजून! एकदा देव गाडीत बसला की त्याला पुन्हा कुणी खाली उतरवणार नाही, सांगून ठेवते."

"मग तुम्हीच आणा माणसं," इवाकिरी म्हणाला आणि लोक फिदीफिदी हसले. मला त्या हसण्याचा अस्सा राग आला!

त्यानंतर आमच्या सहली सुरू झाल्या. कुठे भातलावणीचा उत्सव, कुठे पालखी थेट समुद्रात नेणारं गाव. म्हातारीला हिंडायची हौस आली, असं मला वाटायचं. पण तिथे पोचलो की काकी मला पुढे ढकलायची. "ही आमची बाई. उंच आहे, खांदा भक्कम आहे. घ्या हिला!" मी दांड्याखाली घुसायची आणि त्यांच्याबरोबर ओरडत, घामाघूम होत गावभर फिरायची. माझ्या उजव्या खांद्यावर चक्क गाठ आली. तोवर काकी तिथल्या म्हाताऱ्यांमध्ये बसून टोफू वाटायची आणि निघताना सांगायची, "आमचा उत्सव नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी. विसरू नका." ते कमरेत वाकून हो म्हणायचे. रीत म्हणून म्हणत असतील, असं मी धरून चालले होते.

"स्वतःच्या देवाला खांदा नाही आणि ही दुसऱ्यांचे देव मिरवतेय," असं गावात बोललं जाई. काकी ऐकायची आणि जुन्या रजयांच्या निळ्या खोळी उसवत बसायची.

यंदाचा दुसरा रविवार आला. देवळाच्या पायऱ्यांशी इवाकिरीचा ट्रक कागदी फुलांनी सजून उभा होता, इंजिन चालू. तेवढ्यात घाटातून एक मिनीबस आली, मागून दुसरी, तिच्यामागे चार-पाच मोटारी. वर्षभर ज्यांच्या पालख्या मी उचलल्या, तीच माणसं उतरत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या माहेरी शेतात सावड असते. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. म्हातारीने वर्षभर माझा खांदा गावोगाव सावडीला दिला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता!

इवाकिरी आडवा आला. "परगावची माणसं चालायची नाहीत. गावाचा निळा अंगरखा अंगात असल्याशिवाय पालखीला हात लावायचा नाही, हा नियम आहे."

काकीने गाठोडं सोडलं. आत निळे अंगरखे होते, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव.

"हा घाल. हा तुला होईल. झाला ओमोगीचा!"

इवाकिरीचा चेहरा पडला, पण त्याच्याकडे अजून एक नियम होता. "डाव्या दांड्याचं पुढचं टोक इथे जन्मलेल्यानेच धरायचं. तिथे कोण उभं राहणार?"

त्या जागी काकीचा नवरा असायचा. गावातले तरणे कधीच शहरात गेले. आलेल्या लोकांनी पालखी उचलली, मीही मागे खांदा दिला, आणि डावीकडचं पुढचं टोक झुकू लागलं. काकीही ओमोगीतच जन्मलेली. तिने अंगरखा चढवला आणि ती सरळ त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. टोक तेवढं झुकूनही दांडा तिच्या खांद्याच्या वीतभर वरच होता. दोन्ही हात वर करून तिने तो कसाबसा पेलला.

"काकी, सोडा! तुमचा खांदा पोचतसुद्धा नाही तिथे!" इवाकिरी ओरडला.

"दिसतंय मला," काकी म्हणाली. "तुझा पोचतो ना? जन्मलासही इथेच. मग लाव की!"

ट्रक अजून घुरघुरत होता. इवाकिरीने एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा काकीच्या हातांकडे. मग तो लंगडत गेला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि येऊन दांड्याखाली शिरला.

काकीने हात खाली घेतले, मनगटं चोळली आणि मोठ्याने म्हणाली, "आता बघत काय उभे राहिलात? चला!"