दुसरी सही

फाटकाशी बसणाऱ्या सायकलवाल्यानं आज नवं हँडल बसवलं, ते डावीकडे वळवलं आणि चाक कुठे वळतं ते वाकून पाहिलं. मला तिथे थांबवेना.

विमानदुरुस्तीत माझं काम हेच होतं. पंखाच्या फळ्या हलवणाऱ्या तारा एकानं जोडायच्या, दुसऱ्यानं तपासून सही करायची. त्या दिवशी तारा सदानं जोडल्या होत्या. तो आत वैमानिकाच्या जागी बसून दांडा हलवत होता, मी बाहेर पंखाशी उभा होतो.

"साहेब, बघताय ना? की चहाला पळालात?"

"हलतंय रे," मी म्हणालो.

हलत होतंच. कुठल्या बाजूला, ते मी पाहिलं नाही. हालचाल दिसली की काम झाल्यासारखं वाटतं. तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. उडताच विमान कललं. वैमानिकानं सावरायला जावं, तर ते आणखीच कलून आपटलं. त्याचा पाय कापावा लागला.

चौकशीत मी सांगितलं, "मी तपासलं तेव्हा बरोबर होतं. नंतर सदानं पुन्हा हात लावला असेल." सदाची नोकरी गेली.

तो गेल्या वर्षी वारला. त्याची मुलगी मला अजून काका म्हणते. हे छापायला देण्याआधी तिच्या हातात द्यायला निघालो आहे.