खंडेनवमीनंतरचा बॅकअप

आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये दोन सर्व्हर आहेत, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावलंय की आता कुणी ‘दोन’ म्हटलं तरी माझं डोकं उठतं. हाटकेशला, गाळे आणि सोसायट्या यांच्या मधल्या गल्लीत आमचं सेंटर. कॉम्प्युटर खातं म्हणजे मी एकटी. एक मशीन काम करतं, दुसरं नुसतं तयारीत उभं असतं. पहिलं पडलं की दुसरं क्षणात काम उचलतं. हे सगळ्यांना फार आवडलं होतं. पण पेशंटची माहिती ज्या डिस्कच्या डब्यात राहते तो डबा दोघांत एकच, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

“दो दो सर्व्हर घेतलेत ना आपण?” आमचे मालक डॉक्टर म्हणाले. “मग परत बॅकअप किसलिये?”

मी म्हटलं, “सर, दोन जावा आहेत, पण कपाट एकच आहे. कपाट जळलं तर दोघी उघड्यावर.” ते हसले आणि सॉफ्टवेअर घ्यायला हो म्हणाले. फक्त परवाना एकाच मशीनचा घेतला. दोनचा हवा होता हे मी लेखी दिलं होतं, पण तो कागद कोण वाचतो?

मला घाई होती ती समुद्राकाठच्या चौक गावाहून येणाऱ्या एका बाईंमुळे. आठवड्यातून तीनदा त्या उत्तनची बस बदलून यायच्या. धाकटा भाऊ किडनी द्यायला तयार झाला होता. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलला त्यांचा तीन वर्षांचा, महिन्यागणिक सगळा रेकॉर्ड हवा होता, आणि ऑपरेशनला दिवाळीनंतरची तारीखही मिळाली होती. रेकॉर्ड आमच्याकडेच होता, तारखेच्या तोंडावर ताजा काढून द्यायचा होता. सेंटर ‘पेपरलेस’ झाल्यापासून आम्ही पेशंटला कागद देणं बंद केलं होतं. बाई दर खेपेला विचारायच्या, “माजा सगला हाय ना तुज्याकरं?” आणि मी सांगायची, “आहे ताई, काळजी करू नका.”

तीन रविवार मी त्या सॉफ्टवेअरमागे घातले. ते दोन्ही मशीनवर बसवायचं असतं, आणि त्याला मशीनचं नाव नाही, दोघांचं मिळून जे सामायिक नाव असतं ते द्यायचं असतं. मग कुठलंही मशीन चालू असो, बॅकअप बरोबर तिथून उचलला जातो. पहिल्यावर बसलं. दुसऱ्यावर परवान्याशी अडून बसलं. मदतीच्या नंबरवर फोन लावला की एक गोड आवाज विचारायचा, “मॅडम, रिस्टार्ट करके देखा?” तिसऱ्या रविवारी चौथ्यांदा रिस्टार्ट केल्यावर माझा संयम संपला. मी पहिल्या मशीनचंच नाव घातलं, तात्पुरतं. जागा कमी होती म्हणून चौदा दिवसांच्या प्रती ठेवल्या. पंधरावी आली की सर्वांत जुनी पुसायची. परवाना आला की नीट करू, असं ठरवून घरी गेले आणि जेवून झोपले.

मग खंडेनवमी आली. आमच्या रेकॉर्ड खात्यातले काका रत्नागिरीचे. पूजेच्या दिवशी हत्याराला विश्रांती द्यायची, हा त्यांचा नेम. गावी कोयता, इथं सर्व्हर. झेंडूची माळ हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, दोन आहेत ना? एक बंद केलं तर चालेल ना?”

मला तर आनंदच झाला. चला, निदान एकाला तरी दोनचा उपयोग कळला. “करा,” म्हटलं, “फक्त कुंकू पंख्याच्या जाळीवर नको.” काकांनी पहिलं मशीन बंद करून पूजा केली, दुसऱ्यानं काम उचललं, आत डायलिसिस चालूच राहिलं, कुणाला पत्ताही लागला नाही. मी डॉक्टरांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी पहिलं मशीन सुरू केलं. आता ते तयारीत उभं होतं आणि काम दुसऱ्याकडेच राहिलं. म्हणजे माहितीचा डबाही दुसऱ्याला जोडलेला, आणि पहिल्याकडे उरला फक्त त्या नावाचा रिकामा फोल्डर. सॉफ्टवेअर रोज तोच उघडायचं, आत काही नाही हे बघायचं आणि कळवायचं : बॅकअप यशस्वी.

हा संदेश काका रोज सकाळी छापायचे. पेपरलेस सेंटरमध्ये बॅकअपचा कागद कशाला, असं मी विचारलं होतं. “पुरावा नको का?” म्हणाले. शिक्का त्यांचा, सही माझी, मग फाइल.

दिवाळी झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात डब्यातल्या दोन डिस्क एकदम गेल्या. दोन्ही मशीन ठणठणीत होती आणि दोघांकडेही दाखवायला काही नव्हतं. तरी मी निवांत होते. बॅकअप उघडला. रिकामा. आदल्या दिवशीचा उघडला, तोही रिकामा. चौदाच्या चौदा रिकाम्या. भरलेल्या प्रती या रिकाम्यांनी एकेक करून कधीच ढकलून दिल्या होत्या. डिस्क दुरुस्तीवाल्यांनीही दोन दिवसांनी हात वर केले.

मी काकांवर तुटून पडले. रोज कागद छापता, त्यावर फाइलींची संख्या शून्य लिहिलीय, डोळे मिटून शिक्के मारता? काकांनी फाइल आणून माझ्यासमोर उघडी ठेवली. प्रत्येक पानावर शून्य होतं आणि प्रत्येक शून्याखाली माझी सही होती. एकदाही प्रत उघडून बघायचं मला सुचलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जास्तच राग येतो, म्हणून मी उठून बाहेर गेले.

बाई गुरुवारी आल्या. डॉक्टर म्हणाले होते, “टेक्निकल प्रॉब्लेम सांगा.” मी तसं सांगितलं नाही. ताई, माझ्या चुकीनं तुमचा रेकॉर्ड गेला, म्हटलं. तुमच्या सगळ्या टेस्ट आम्ही आजच्या आज परत करून देतो.

त्यांनी हात पुढे केला. नर्सनं सुई लावली, नळीत रक्त चढलं.

“आजचा रगत घेशील गो तू,” नळीकडे बघत बाई म्हणाल्या. “तीन वर्सांचा कुटून आनू?”