सहा सेकंद आधी वाजलेला भोंगा

आधीच सांगते, मी भांडखोर बाई आहे. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी पुरावा मागते, म्हणून लग्नाकार्यात मला कुणी गप्पांत घेत नाही! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय… पण घडलं ते घडलं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट होता रिअल-टाइम लिनक्सचा. म्हणजे असं की साधी ऑपरेटिंग सिस्टीम कामं जमेल तशी उरकते, थोडं मागेपुढे झालं तरी तिला फरक पडत नाही. मी तिचा गाभा, म्हणजे कर्नल, असा बदलला होता की एक ठरावीक काम सेकंदाला शंभर वेळा, ठरल्या क्षणी झालंच पाहिजे. बाकीचं सगळं अडलं तरी चालेल. महिनाभर ते कर्नल सुरूच होईना. झालं त्या दिवशी मी अख्ख्या हॉस्टेलला पेढे वाटले!

चाचणीला मी आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या शेतात गेले. तिथे दत्ताकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वाफेच्या कुकरवर हळद शिजवत. कुकर म्हणजे लोखंडी ड्रम, वर बोल्टने आवळलेलं झाकण. ड्रमला मी दाब मोजणारा सेन्सर लावला आणि कॉम्प्युटरला भोंगा. दाब हद्दीबाहेर गेला की भोंगा वाजणार आणि माणसांनी लांब पळायचं. भोंगा वाजवायची प्रोग्रॅममध्ये एवढी एकच अट होती.

मार्च महिना, सकाळचे अकरा. लाईट असायची वेळ साधून कॉम्प्युटर निंबाखाली बाजेवर मांडलेला. काका ड्रमवर वाकून झाकणाचा बोल्ट आवळत होते. आणि भोंगा वाजला!

मी स्क्रीनकडे बघतेय, तर दाब निम्म्यावरसुद्धा नाही.

"काहून बोंबलून राहिलं तुझं यंत्र, माय?" काका पाना हातात घेऊन तरातरा माझ्याकडे आले. "बंद कर आधी!"

"काका, काहीच झालं नाही, उगाच वाजतंय—"

धडाम्! झाकण निंबाची फांदी मोडून बांधापलीकडे जाऊन पडलं. जिथे काकांचं तोंड होतं, बरोबर तिथून उकळती वाफ सुसाट निघाली. वाफ बाहेर जायच्या नळीत हळकुंड अडकलं होतं, हे मागून कळलं. मी रडत होते, आणि खरं सांगते, नाचावंसंही वाटत होतं… काका जिवंत होते!

मग प्रोग्रॅमच्या क्षणाक्षणाच्या नोंदींचा लॉग उघडला. भोंग्याचा हुकूम प्रोग्रॅमनेच दिलेला, तेव्हा दाब बेताचा. दाबाने हद्द ओलांडली ती त्यानंतर सहा सेकंदांनी! उशीर मला समजला असता, उशीर का होतो हे शोधण्यातच माझं वर्ष गेलं होतं. पण आधी? जे अजून झालंच नाही, त्याचा भोंगा?

माझा प्रोजेक्ट-पार्टनर म्हणाला, घड्याळ चुकलं, नोंदी उलटसुलट झाल्या. मान्य! पण काका ड्रमपासून माझ्यापर्यंत चालत आले, ती पावलं मी दुसऱ्या दिवशी मोजली. अकरा. ती कुठल्या घड्याळात चुकली? वायर, रिले, सेन्सर, सगळं तपासलं. पुढे महिनाभर चाचण्या घेतल्या, भोंगा पुन्हा एकदाही आधी वाजला नाही.

तोंडी परीक्षेत सर म्हणाले, "रिअल-टाइममध्ये वेळेनंतर झालं तरी चूक, वेळेआधी झालं तरी चूक." मार्क कापले. त्यांचं बरोबरच होतं. मी तणतणत शेतावर गेले आणि काकांना म्हणाले, "बिघाड शोधून नीट करतेच आता!"

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "नको, माय. कापू दे मार्क. तेवढा बिघाड ऱ्हाऊ दे."

आज मी याच कामावर पोट भरते. माझ्यापेक्षा हुशार लोकांना तो लॉग दाखवलाय आणि कुणालाच सांगता आलेलं नाही. दोनशे ओळींचा तो प्रोग्रॅम मी अजून अधूनमधून वाचते. एक स्वल्पविरामही बदललेला नाही.