माझा दात फिटिंगला गेला तेव्हा

समस्त नागरिकांस कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, चाकणच्या आमच्या कंपनीमागच्या मैदानावर, माझ्या वरच्या जबड्यातील समोरच्या दाताने आपल्या पदाचा तडकाफडकी त्याग केला. मुळासकट. हा राजीनामा मला मंजूर नव्हता, कारण पुढच्याच रविवारी लेकीचा साखरपुडा होता आणि माइक माझ्याकडे होता. घरातलं एकही कार्य मी आजवर दुसऱ्याच्या तोंडून होऊ दिलेलं नाही.

डिपार्टमेंटची मॅच होती. मी विकेटकीपर. चेंडू उसळला, मी दोन्ही हात वर नेले आणि चेंडू त्या दोन हातांच्या मधून आला. दात गवतात सापडला तो टूलरूममधल्या फिटरला. माझा जुना दोस्त, मूळचा मोशीचा. त्यानं दात उन्हात धरून निरखला आणि तोंड वाकडं केलं.

"लई घाण लागलीय राव. पार्ट साफ केल्याबिगर फिटिंग न्हाई होत."

आणि तो डिकीतून पॉलिश पेपर काढायला निघाला. मी ओरडलो. तोंडात रुमाल असल्यामुळे त्याला ते प्रोत्साहन वाटलं.

मॅच बघायला आलेल्या बायकोनं तोवर मोशीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. स्पीकरवर आवाज आला, "मुळाला हात लावू नका, घासू तर अजिबात नका. त्यावरचा पातळ थरच दाताला परत धरतो. पाण्याखाली क्षणभर धरा आणि जागेवर बसवा. जमत नसेल तर गार दुधात टाका आणि लगेच या. जितका उशीर, तितकी आशा कमी."

फिटरनं पॉलिश पेपर पाठीमागे लपवला आणि दात बसवायला उत्साहानं पुढे आला. मी मागे सरकत सरकत बाउंड्रीपार गेलो. शेवटी चहावाल्याकडून पिशवीतलं गार दूध आलं, स्टीलचा पेला आला. बायको गाडी चालवायला, मी शेजारी, आणि मागे पेला मांडीवर धरून फिटर, सत्यनारायणाचं तीर्थ न्यावं तसा.

"वहिनी, खड्डा. हळू घ्या, पार्ट हिंदकळतोय."

डॉक्टरीणबाईंनी दात जागेवर बसवला आणि बारीक तारेनं शेजाऱ्यांना बांधला. दोन आठवडे तार, मग रूट कॅनल, पुढे बरेच दिवस नजर ठेवायची.

"आणि नाही धरला तर?" बायकोनं विचारलं.

"तर काढता-घालता दात. किंवा शेजारचे दोन घासून त्यांच्यावर ब्रिज. नाहीतर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू."

फिटरचे डोळे चमकले. "आटे कंचे असत्यात त्याला?"

"भाऊजी, तुम्ही बाहेर बसा."

आठवडाभर मी मऊ भातावर होतो. घरात साखरपुड्याच्या चकल्या तळल्या जात होत्या, मी वास घेत होतो.

रविवारी सांगवीच्या हॉलमध्ये माइक हातात घेतला. नटून बसलेली लेक नवऱ्या मुलाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती. "सस्नेह स्वागत," मी म्हणालो. सगळे स स्वच्छ निघाले. लेकीनं श्वास सोडला. मग मला कोण थांबवणार? मी व्याह्यांची फिरकी घेतली, व्याही खदखदून हसले, हॉल हसला आणि मीही तार चमकवत तोंड भरून हसलो.

मागच्या रांगेतून फिटरचा आवाज आला, "हळू हसा राव, फिटिंग अजून ट्रायलवर हाय."