कपाटातला दिवा

मुक्ताबाईला शेठाणीच्या भुतानं मारलं, अशी कुजबुज अडतीस सालच्या श्रावणात लोणावळ्याच्या बाजारात होती. मेलेल्या शेठाणीचा शालू खांद्यावर टाकून ती आरशात बघत होती म्हणे, तोच मागून गळा धरला. ज्यांनी बंगल्याचं फाटकही कधी ओलांडलं नव्हतं, त्यांना बांगड्यांचा आवाजसुद्धा ऐकू आला होता. पावसात दुकानं ओस पडली की माणसांचे कान असे तीक्ष्ण होतात.

मुक्ताबाईचा नवरा महिपती हा त्या बंगल्याचा राखणदार. माणूस आंदर मावळातला, अंगानं किरकोळ, मिश्या मात्र मालकाला शोभाव्यात अशा. खरे मालक मुंबईला. ते मे महिन्यात येत, हवा खात आणि जात. उरलेले अकरा महिने बंगला त्या मिश्यांवरच चाले. मागच्या खोलीत नवराबायकोचा संसार. गावाकडं ना घर उरलं होतं ना जमीन. ही खोली गेली तर भर पावसात रस्ता धरायचा.

बंगल्यात वीज होती. थोरल्या शेठाणीनं एक चाल पाडली होती : पावसाळ्याचे चार महिने साड्यांच्या कपाटात एक दिवा रात्रंदिवस जळता ठेवायचा. त्याच्या उबेनं रेशमाला बुरशी धरत नसे. शेठाणी वारली, दिवा जळतच राहिला. बंद कर असं महिपतीला कुणी सांगितलं नव्हतं.

आषाढात धाकट्या शेठचं पत्र आलं. टपालवाल्या हौशीरामानं ते ओसरीवर बसून वाचून दाखवलं. चहा येईपर्यंत तो अर्ध्यावर थांबला, ती त्याची रीतच होती.

"बंद घरात वीज जळती कशी, असं इचारलंय," चहा संपवून तो म्हणाला. "आमच्या दिव्याखाली पाव्हणे बसवतोस काय, म्हणं. फुडचं बिल उतरलं न्हाई तर खोली खाली करायची. आन् खाली लिवलंय, दसऱ्याला शेठची भन आईच्या साड्या न्यायला येनार हाय. येक बी डागाळली तर तुजी धडगत न्हाई."

"म्हंजी दिवा बी नगं आन् बुरशी बी नगं," मुक्ताबाई म्हणाली. "शेठला कळवा, तुमीच पाऊस बंद करा."

हौशीराम हसला. महिपती हसला नाही. त्यानं त्याच दिवशी दिवा मालवला, आणि आठव्या दिवशी हिरव्या शालूच्या काठावर पांढरी बुरशी दिसली.

मग त्याला गावाकडची तोड सुचली. मावळात पावसाळ्यात घोंगड्या निखाऱ्यांवर बांबू बांधून वाळवतात. पण लाकडाच्या धुराचा वास रेशमाला लागला असता, म्हणून तो कातकरवाडीच्या कान्हूकडं गेला. कान्हू कोळसा पाडायचा.

"धूर न्हाई ना व्हनार?" महिपतीनं विचारलं.

"भाऊ, जळतोय का न्हाई ते बी कळायचं न्हाई," कान्हू म्हणाला.

कपाटाच्या लहान खोलीत शेगडी मांडली, वर बांबू, बांबूवर साड्या. रेशीम करपू नये म्हणून मुक्ताबाईनं तिथंच बसून साड्या परतायच्या. तरी ऊब फटींतून निसटायची, कोळसा दुप्पट लागायचा. महिपतीनं दाराच्या फटीत चिंध्या ठासल्या, झरोक्याला गोणपाट लावलं. आता अर्ध्या कोळशात काम भागू लागलं. गावाकडं कुडाच्या भिंती आणि कौलं, तिथं वारा स्वतःहून आत-बाहेर करायचा. इथं काचेची तावदानं होती. हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"डोकं लय जड व्हतंय," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "दार वाईच उघडं ठिवू का?"

"ऊब जाईल. रेशमापाशी बसून तू बी शेठाणी झालीस काय? आजच्या दिस कळ काढ."

ती आत गेली. महिपतीनं दार ओढून घेतलं आणि फटीत चिंध्या पुन्हा ठासल्या. महिपती व्हरांड्यात चवड्यांवर उभा राहून मीटरकडं बघू लागला. चकती जागची हलत नव्हती. बिल उतरणार, खोली राहणार.

"अगं, चकती बगितलीस का? हालत बी न्हाई," त्यानं हाक मारली.

उत्तर आलं नाही. मघाचा टोमणा लागला असेल, रुसली असेल, असं वाटून तो तसाच बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं दार ढकललं. चिंध्यांमुळं ते लवकर उघडेना.

मुक्ताबाई कपाटाला टेकून बसली होती, शालू मांडीवरून खांद्यापर्यंत आलेला. शालूचं एक टोक शेगडीशी लोळत होतं. महिपतीनं आधी ते टोक उचललं, मग तिला. हे त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

तिला बाहेर आणताना फाटकात हौशीराम उभा होता. त्याला खांद्यावरचा रेशमी काठ तेवढा दिसला, आणि संध्याकाळपर्यंत बाजाराला भूत दिसलं. महिपतीनं ती अफवा कधी खोडली नाही. भूत म्हटलं की खोलीचं दार कुणी बंद केलं, हे कुणी विचारत नव्हतं.

बिल उतरलं. शेठनं त्याला ठेवून घेतलं.

बंगल्यात भूत नव्हतं. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साचला आणि मुक्ताबाई त्यानं मेली. फटी बुजवल्या होत्या त्या महिपतीनं.