पडद्यावरचं आभाळ

समोर इमारत उठली आणि अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या खिडकीतलं आभाळ गेलं. वाटोळं होवो तिचं! मग मी कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात खऱ्या हवामानाचं सॉफ्टवेअर टाकलं. आमच्या नागपूरवर त्या घडीला जे आभाळ असेल, तेच पडद्यावर दिसायचं. बाबा दिवसभर ते बघत पडून राहायचे.

मे महिन्यात एका दुपारी पडद्यावर काळे ढग दाटले. बाबा स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अवं, गच्चीवरच्या कुरड्या काढ, पाणी येऊन राह्यलं!"

आईला जाऊन वर्ष झालं होतं. सकाळीच त्यांना पुन्हा सांगितलं होतं, तेव्हा रडलेही होते.

त्या दिवसापासून मी खरं हवामान बंदच ठेवलं. आता पडद्यावर रोज कडक ऊन असतं. आणि बाबा रोज स्वयंपाकघराकडे बघून विचारतात, "कुरड्या वाळल्या का वं?"