सिनेमाकडे पाठ

आमच्या जव्हारच्या वसतिगृहात रविवारी टीव्हीवर सिनेमा लागायचा आणि रेक्टरबाई टीव्हीकडे पाठ करून उभ्या राहायच्या. हात मागे, हातात रिमोट, तोंड आमच्याकडे. पडद्यावर काय चाललंय ते त्या आमच्या चेहऱ्यांवरून ओळखायच्या. नायकाने नायिकेचा हात धरला की त्यांचा अंगठा हलायचा आणि गाणं संपलेलं असायचं. त्यामुळे माझ्या बरोबरीच्या मुलींनी प्रेमकथा पुष्कळ पाहिल्या, त्यातलं प्रेम तेवढं पाहायचं राहिलं.

बाई मूळच्या जव्हारजवळच्या वांगणीच्या, म्हणजे आमच्यातल्याच, आदिवासी. रागावल्या की पुस्तकातलं मराठी बोलायच्या, ‘हे वर्तन तुम्हाला शोभत नाही’ वगैरे. माया आली की घरची बोली. म्हणून आम्ही शब्दांकडे लक्ष देत नसू, बोली कुठली आहे एवढंच ऐकायचो. नापास होणाऱ्या मुलीचा त्यांना फारसा राग येत नसे, पण भिंतीवरून उडी मारून बाहेर जाणारीचा भयंकर यायचा. ‘दरवाजा कशासाठी केलाय?’ असं त्या विचारायच्या. दरवाजाला कुलूप असतं, हा मुद्दा कोणी काढत नसे.

अशा बाईंच्या हातून एक जपानी सिनेमा निसटला. शहरातून आलेल्या कुणा ताईंनी पेनड्राइव्ह दिला होता. सिनेमा चित्रांचा होता, आणि कार्टून म्हणजे लहान पोरांचं, अशी बाईंची खात्री. सवयीने त्या पाठ करून उभ्या राहिल्या, पण रिमोट ऑफिसातच ठेवून आल्या होत्या.

समुद्राकाठचं गाव. आमच्याच वयाचे एक मुलगा नि एक मुलगी रोज शाळेतून एकाच रस्त्याने घरी जातात. बोलतात हिंदीत आणि भरपूर बोलतात, पण मुद्द्याचं काही बोलत नाहीत. आमच्या मुली कासावीस झाल्या. आमच्याकडे मन जुळलं की पोरगी सरळ मुलाच्या घरी राहायला जाते. लग्न पैसे जमतील तेव्हा. आईबापाच्या वरातीत नाचलेल्या मुली आमच्या खोलीत होत्या. शेवटी जामसरच्या सुमनला राहवलं नाही. “ह्यो तिला घरी का नेत नाय?” तिने विचारलं. सगळ्या हसल्या. बाईंना मात्र आता कळलं होतं की हे लहान पोरांचं नाही, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

मुलगा पुढच्या शिक्षणाला बोटीने निघून जातो. मुलगी धक्क्यावर उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत जाते. तिथे सिनेमा संपला. मुली चिडल्या, हा काय शेवट झाला म्हणाल्या. बाई म्हणाल्या, “मग काय करेल ती? दुसऱ्या दिवशी शाळाच असते.”

एकटी मी रडत होते, आणि बाईंचं तोंड माझ्याकडेच होतं.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तांदूळ निवडता निवडता फक्त विचारलं, कुठला? मी म्हटलं, साखरशेतचा. मग सगळंच सांगून टाकलं. हिरामण भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला होता. त्याच्या आईला घरात हात हवा होता. होळीला तो मला न्यायला येणार होता, आणि बारावीचे माझे निम्मे पेपर होळीनंतर होते. आता पुस्तकातलं मराठी येणार म्हणून मी मान खाली घातली.

बाई म्हणाल्या, “जायचां त दारातून जा, पोरी. भिंतीवरून नको. तो आला का मी चहा ठेवते, दोघां पिऊन जा.”

होळीच्या सकाळी हिरामण मित्राची मोटरसायकल घेऊन आला. फाटक सताड उघडं होतं. बाईंनी त्याला खुर्ची दिली, घरचं विचारलं, पाऊसपाण्याचं विचारलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. मी पिशवी घेऊन उभी होते. सिनेमातल्यासारखा वारा वगैरे काही सुटला नव्हता. ऊन लागत होतं.

“चल ना, टाइम नाय,” हिरामण म्हणाला. “पेपर पुढच्या साली दे.”

मला जायचं होतं. ते खोटं नव्हतं. फाटक बंद असतं तर मी भिंतीवरून गेलेच असते, पण उघड्या फाटकातून जायचं म्हणजे माझं मलाच ठरवून पाऊल टाकायला हवं होतं. मी म्हटलं, पेपर झाल्यावर ये. तो म्हणाला, “तवा मी नाय येणार.” त्याने शब्द पाळला. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मोटरसायकल वळणापार गेली होती. त्याच्या वाटणीचा चहा बाईच प्यायल्या. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पेपर होताच.

मी नर्स झाले. मोखाड्याला असते. हिरामणचा संसार चांगला चालला आहे; त्याच्या धाकट्या मुलीला लस मीच टोचली, तेव्हा ती रडली आणि आम्ही दोघं हसलो. निवृत्तीनंतर बाई वांगणीला राहायला गेल्या. साखरेने त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. सुट्टी मिळाली की मी पट्टी बदलायला जायची. असंच एकदा जखम धुताना मी विचारलं, बाई, त्या दिवशी मी गेले असते तर?

“त गेली असतीस,” त्या म्हणाल्या. “तुझी पुस्तकां मी आदल्या दिशीच बांधून ठेवलेली. दुसऱ्या दिशी साखरशेतला आणून देणार होती.”

मी पट्टी बांधत राहिले. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी थांबले म्हणून बाईंनी मला जवळ केलं. तसं नव्हतं. मी कुठेही गेले असते तरी त्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन माझ्या मागून आल्या असत्या. यंदा दिवाळीनंतर बाई गेल्या. मागून येणारं माझं आता कोणी उरलेलं नाही.